शेवटचा हात कुणी लावला?

भाऊ जन्माने मिळतो, मित्र आपण शोधतो. साडू मात्र सासऱ्यांनी शोधून ठेवलेला असतो आणि त्याबद्दल आपलं मत कुणी विचारलेलं नसतं. म्हणून दोन साडूंचं पटलं तर नशीब समजावं, नाही पटलं तर गोड हसून शेजारी जेवायला बसावं, अशी रीत आहे. या दोघांचं पटलं. नुसतं पटलं नाही, तर इतकं पटलं की साठी उलटल्यावर दोघांनी मिळून एक विमान बांधायला घेतलं.

थोरले साडू म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी जन्मभर दारं आणि खिडक्या केल्या. धाकटे साडू वयाने खरं तर दोन वर्षांनी मोठे, पण बायको धाकटी म्हणून तेही धाकटेच. या अन्यायाबद्दल ते अधूनमधून कुरकुरत. बस डेपोत त्यांनी चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम केलं होतं. दोघे एकाच वर्षी निवृत्त होऊन घरी बसले. थोरल्यांनी कुठून तरी दोन माणसांच्या छोट्या विमानाचे नकाशे मागवले, जेवणाच्या टेबलावर पसरले आणि धाकट्यांना बोलावून म्हणाले, "लाकूड माझं, वीज तुमची."

"आणि डोकं कुणाचं?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं होतं. ताई म्हणजे थोरल्यांची बायको. या प्रश्नाचं उत्तर तिला अजून मिळालेलं नाही.

सात वर्षं लागली. गावाबाहेर लहान विमानांची एक धावपट्टी होती, तिच्या कडेला पत्र्याची शेड मिळाली. थोरल्यांनी पंखांच्या फासळ्या एकेक करून तासल्या, वरून कापड ताणलं. धाकट्यांनी वायरी ओढल्या, आणि त्या वायरी बघायला शेजारच्या शेडमधली माणसं मुद्दाम यायची. बोटाबोटावर मेणदोऱ्याची गाठ, प्रत्येक टोकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर फळ्यावर लिहावं तसं गोल अक्षर. इंजिन एका लहान मोटारीचं होतं. त्याचा पेट्रोलचा पंप विजेवर चालायचा आणि ठिणगीही विजेवरच पडायची. म्हणजे बॅटरी गेली तर नुसते दिवे जाणार नव्हते, इंजिनच बंद पडणार होतं. मोटार रस्त्याच्या कडेला लावता येते. विमानाला आकाशात कडा नसते.

आणि नेमकी बॅटरीच मरायला लागली.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी, कारण थोरल्यांनी ती कुणालाही सांगितली नव्हती. विमानाच्या पॅनलवर वाटाण्याएवढा एक लाल दिवा होता. तो बसवताना धाकट्यांनी समजावलं होतं, "किल्ली फिरवली की हा लागतो. इंजिन चालू झालं की विझतो. चालू इंजिनावर लागला तर समजायचं, बॅटरी भरत नाहीये." एका दुपारी ताई शेडमध्ये आली. सात वर्षं तिने डबे पाठवले होते, पण त्या यंत्रात पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी कशी कोण जाणे, राजी झाली. पदर खोचून आत चढली, पट्टा बांधला. थोरल्यांनी इंजिन चालू केलं आणि दिवा मिणमिणू लागला.

"हा लाल दिवा कसला?"

"काही नाही गं. असाच लागतो."

"लाल दिवा असाच लागत नाही," ताई म्हणाली आणि उतरली. "हा नीट झाला की सांगा. तोवर मी यात बसायची नाही."

दुसऱ्या दिवशी थोरल्यांना कळलं की बॅटरी भरणारा अल्टरनेटर इंजिनावरून फिरवणारा रबरी पट्टा सैल होता. पाव तासाचं काम. त्यांनी तो ताणला. पण मग त्यांच्या मनात आलं, आज पट्टा, उद्या आणखी काही. हा दिवा पुन्हा डोळा मिचकावणार आणि ही पुन्हा उतरणार. म्हणून त्यांनी लाल काच काढली, आतला इवलासा बल्ब उपटला, शर्टाच्या खिशात टाकला आणि काच होती तशी बसवली. घंटा काढली म्हणून शाळा बंद पडत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. शिवाय बॅटरीचा काटा होताच की शेजारी.

दोन दिवसांनी ताईला आणून त्यांनी इंजिन चालू केलं. "बघ. विझला का नाही?"

ताईने दिव्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आज गुडघे दुखताहेत. वर चढवणार नाही."

त्यानंतर ताईचे गुडघे दुखतच राहिले. पुढचे दहा-बारा दिवस दोघे साडू रोज थोडा वेळ इंजिन चालवून बघत होते, थोरले आत आणि धाकटे बाहेर, आणि मग तो दिवस आला. धावपट्टीवरची सगळी माणसं इंजिन बघायला जमली. थोरले आत बसले, धाकटे आग विझवायचा लाल नळा घेऊन बाहेर उभे राहिले. इंजिन झोकात चालू झालं, टाळ्या पडल्या. बंद केलं. मास्तर म्हणाले, "आणखी एकदा होऊ द्या." मास्तर म्हणजे तिथले जुने, उडवायला शिकवणारे, पहिलं उड्डाण तेच करणार होते. थोरल्यांनी किल्ली फिरवली. 'टक्' असा आवाज आला आणि बस्स. कुणीतरी मागे फिस्सकन हसलं.

थोरल्यांची कानशिलं तापली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "वायरिंग डेपोतलं आहे ना!" ते मोठ्याने म्हणाले. "तिथे बसला धक्का मारायला चाळीस प्रवासी असतात. इथे कुठून आणायचे?"

लोक पोट धरधरून हसले. धाकट्यांनी लाल नळा हळूच जमिनीवर ठेवला. फडक्याने हात पुसले, आपली हत्यारांची पेटी भरली, एक पाना थोरल्यांचा होता तो बाजूला काढून ठेवला आणि चालू लागले. त्याला चार महिने झाले.

या चार महिन्यांत थोरल्यांनी काय नाही केलं! नवी बॅटरी आणली, ती मेली. आणखी एक आणली, तीही मेली. विजेचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर बदलला. अख्खा अल्टरनेटर बदलला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. कधी इंजिन खूप पळवलं की बॅटरीचा काटा एकदम चौदा व्होल्टवर उडी मारायचा आणि थोरल्यांचा जीव भांड्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारावर. तिकडे दोघी बहिणींचे फोन आखडत गेले. आधी तासभर चालायचे, मग तब्येतीपुरते, मग ज्याच्या त्याच्या वाढदिवसाला. ताई काही बोलली नाही. ती बोलत नाही हेच थोरल्यांना जास्त टोचायचं.

शेवटी मास्तरांनीच विषय संपवला. "महिनाअखेर उडायची परवानगी द्यायला तपासनीस येणार. वायरिंग ज्यांनी केलं त्यांची सही लागते," ते म्हणाले. "आणि सही राहू द्या बाजूला. हे कोडं सुटत नाही तोवर मी यात बसणार नाही. त्यांना घेऊन या."

म्हणजे आता विमान उडणार की शेडमध्येच कुजणार, हे धाकट्यांच्या दारात ठरणार होतं.

थोरले गेले. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसे अर्धा तास हवापाण्याबद्दल बोलत बसले. धाकट्यांनी हूं हूं केलं. धाकटीने, म्हणजे ताईच्या बहिणीने, चहा दिला आणि आत जाऊन दाराशी कान लावला. शेवटी थोरले म्हणाले, "बॅटरीचं काही जमत नाहीये हो."

"माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"जमलं असतं तर तुम्ही आला नसता."

थोरल्यांनी मान खाली घातली. त्यांना माफी मागायची होती, घरून निघताना वाक्यही ठरवून आणलं होतं, पण त्याऐवजी ते कपातला चहा ढवळत बसले. धाकट्यांनी आपला कप खाली ठेवला.

"येईन मी," ते म्हणाले. "पण एक आहे, साडूभाऊ. डेपोत गाडी बिघडून आली की मी ड्रायव्हरला पहिला प्रश्न एकच विचारायचो. शेवटी बरी कधी होती आणि त्यानंतर हात कुणी लावला? ड्रायव्हर खरं बोलला तर अर्ध्या तासात गाडी रस्त्यावर. खोटं बोलला तर तीन दिवस. मी विचारीन त्याचं खरं उत्तर द्यायचं. जमेल?"

"हे काय विचारणं झालं?" थोरले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे आपली पेटी, मीटर आणि एक जाड वही घेऊन शेडमध्ये आले. विमानाकडे त्यांनी लगेच पाहिलं नाही. आधी स्टूल पुसलं, त्यावर बसले, वही उघडली.

"हं. शेवटी बरी कधी होती? नंतर कशाला हात लावलात?"

थोरल्यांनी पाढा वाचला. पट्टा ताणला. दोन बॅटऱ्या. रेग्युलेटर. अल्टरनेटर. धाकट्यांनी एकेक लिहून घेतलं. बल्बचं थोरल्यांच्या ओठांवर आलं होतं, नाही असं नाही. पण दिव्याने काय होतंय, असं मनाशी म्हणून त्यांनी ते गिळलं. खरं कारण वेगळंच होतं. बायकोला फसवायला माणूस काय थराला गेला, हे साडूला कळू नये एवढंच त्यांना वाटत होतं.

"आणखी?"

"एवढंच."

मग धाकटे कामाला लागले, आणि त्यांचं काम बघत राहावं असं होतं. घाई नाही, अंदाज नाही. मीटरची लाल-काळी टोकं बॅटरीला लावली. "साडेबारा व्होल्ट. ठीक." इंजिन चालू करायला लावलं. "बारा. चौदाच्या आसपास हवेत. भरत नाहीये, नुसती रिकामी होतेय."

"पालथ्या घड्यावर पाणी," थोरले म्हणाले. "तीन बॅटऱ्या झाल्या."

"घडा पालथा नाही हो. नळच बंद आहे."

इंजिन बंद करून त्यांनी पट्टा दाबून पाहिला. अल्टरनेटरकडून बॅटरीकडे येणारी जाड वायर तपासली. इंजिन आणि बॅटरी यांच्यामधलं अर्थिंग तपासलं. प्रत्येक तपासणीनंतर वहीत एक ओळ आणि पुढे बरोबरची खूण. अकराच्या सुमारास ते अल्टरनेटरच्या मागच्या एका बारीक वायरीशी थांबले. किल्ली फिरवायला सांगितली, मीटर लावला, पुन्हा लावला.

"इथे काहीच येत नाही."

"एवढीशी वायर?" थोरले म्हणाले. "तिचं काय ते मोठंसं?"

"हीच तर सगळ्यांची आई." धाकट्यांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "अल्टरनेटर आपला आपण जागा होत नाही. त्याला आधी चिमूटभर वीज द्यावी लागते. विरजणासारखं. ती या वायरीतून येते. पॅनलवरच्या लाल दिव्यातून निघते आणि इथे येते. एकदा जागा झाला की मग त्याचं तो बघतो. विरजणच नाही पडलं तर दूध घुसळत बसा दिवसभर. कधी इंजिन खूप पळवलं तर जागा होतोही, पण ते नशिबावर."

 थोरल्यांच्या कपाळाला घाम फुटला आणि तो इंजिनाच्या उबेचा नव्हता.

धाकटे वाकून पॅनलकडे बघत होते. "दिवा लागलेला नाही. बल्ब उडालाय का? बघितलात तुम्ही?"

"बघितला," थोरले म्हणाले. "चांगला आहे."

हे शब्द विचार करून आले नव्हते. चार महिने एक खोटं सांभाळलं की दुसरं आपोआप त्याच्या सोबतीला येतं. धाकट्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की? काच काढून बघितलात?" आणि थोरल्यांनी मान हलवली. धाकट्यांनी त्या काचेला हातही लावला नाही. समोरच्या माणसाने शब्द दिला होता, मग तपासायचं कशाला?

त्याऐवजी त्यांनी पेटीतून आपला तपासायचा बल्ब काढला, दोन चिमटे लावून बॅटरीतून त्या बारीक वायरीच्या जागी जोडला आणि इंजिन चालू करायला सांगितलं. काटा सरळ चौदावर गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला. थोरल्यांनी चार महिने ज्याची वाट पाहिली तो हा क्षण, आणि त्यांना काट्याकडे बघवेना.

इंजिन बंद झालं. धाकटे स्टुलावर येऊन बसले.

"म्हणजे बॅटरी चांगली. अल्टरनेटर चांगला. रेग्युलेटर चांगला. बल्ब तुम्ही म्हणता चांगला." त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. "उरली कोण? दिव्यापासून इंजिनापर्यंतची माझी वायर. आतून कुठेतरी तुटलीय. अशी वायर शोधत बसायची नसते. सबंध बदलायची. संध्याकाळ होईल, चालू करून उद्या बघू."

वही मांडीवर घेऊन त्यांनी लिहायला सुरुवात केली. दुरुस्तीला हात लावण्याआधी कारण लिहायचं, ही डेपोची शिस्त. थोरल्यांना उलटीकडूनही ते गोल अक्षर वाचता येत होतं. 'दोष: वायर क्रमांक नऊ. काम करणारा: स्वतः.' खाली तारीख आणि सही.

"मग तुमचं खरंच होतं की," वही मिटत धाकटे म्हणाले. "त्या दिवशी फार राग आला. पण घरी बसून चार महिने मीही तेच घोकत होतो. हात थरथरतो हल्ली. हे बघा." त्यांनी उजवा हात पुढे धरला. तो खरंच थरथरत होता, पानाच्या टोकासारखा. "मला वाटलं, बरं झालं, जमिनीवर कळलं. हवेत कळलं असतं तर मास्तरांच्या बायकोला मी काय सांगितलं असतं?"

ते उठले, कात्री घेतली आणि पॅनलखाली मान घालून पहिली मेणदोऱ्याची गाठ कापली.

थोरले उभे होते. सगळं किती सोपं होतं! उद्या सकाळी बाजारातून तसाच बल्ब आणायचा, हे येण्याआधी बसवायचा. नवी वायर पडली असेल, दिवा लागेल, काटा चौदावर जाईल. विमान उडेल. साडू परत आलेच आहेत. कुणाला काही कळणार नाही आणि वहीत कारण लिहिलेलंच आहे, तेही खुद्द त्यांच्याच हाताने. चोराला घरमालकाने स्वतःहून किल्ल्या द्याव्यात, तशातली गत.

कात्रीचा आवाज आला. दुसरी गाठ. मग तिसरी. त्या गाठी बांधल्या जात होत्या तेव्हा थोरले याच शेडमध्ये पंख घासत होते आणि दोघे मिळून जुनी गाणी चुकीच्या चालीत म्हणत होते. त्यांना ते सगळं आठवलं आणि छातीत कुणीतरी पाचर ठोकावी तसं झालं.

"थांबा," ते म्हणाले.

"एवढं कापू द्या, मग चहा—"

"कापू नका. बल्ब नाहीये आत."

कात्री थांबली. धाकटे पॅनलखालून बाहेर आले. चष्मा कपाळावर सरकला होता.

"म्हणजे?"

"मी काढला. तो सगळा तमाशा झाला त्याच्या आधीच काढला होता. नुसती काच आहे."

धाकट्यांनी लाल काच फिरवून काढली. आतल्या रिकाम्या खाचेत बोटाचं टोक घातलं. 

"मी विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"दोनदा विचारलं."

"हो."

"काढला कशाला?"

"आमची ही घाबरत होती," थोरले म्हणाले, आणि त्यांनाच ते पटलं नाही. "नाही. ती नाही घाबरत होती. तिने फक्त विचारलं. मलाच ते ऐकायचं नव्हतं."

"आणि सगळ्यांसमोर मला बोललात ते?"

"लोक हसले. मला लाज वाटली, आणि तुम्ही जवळ होतात." घरून ठरवून आणलेलं वाक्य केव्हाच विसरलं होतं. "चुकलो हो मी. फार चुकलो."

धाकट्यांचं तोंड लाल झालं होतं. ते काहीतरी जोरात बोलणार असं वाटलं. पण त्यांनी कापलेल्या तीन गाठींचे दोरे जमिनीवरून उचलले, तळहातावर घेतले आणि खिशात ठेवले. "बल्ब आणा," एवढंच म्हणाले.

आणि बल्ब सापडेना. थोरल्यांची खात्री होती की खिशातून काढून तो त्यांनी स्क्रूंच्या डब्यात टाकलाय. डबा पालथा केला. खणात पाहिलं, जुन्या कोटाचे खिसे पाहिले, लाकडाच्या भुशातही हात फिरवला. साठी उलटलेली दोन माणसं गुडघ्यांवर बसून शेडभर बल्ब शोधत असताना दारात सावल्या पडल्या. दोघी बहिणी चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या, आणि चार महिन्यांची थकबाकी रस्ताभर बोलून दोघींचे आवाज बसले होते.

"काय हरवलं?" ताईने विचारलं.

थोरले उठायच्या आत धाकटे म्हणाले, "स्क्रू. एक बारीक स्क्रू पडला माझ्या हातून."

थोरल्यांनी साडूकडे पाहिलं. धाकटे त्यांच्याकडे न बघता जमिनीकडेच बघत होते. ज्या माणसाची आपण चारचौघांत अब्रू काढली, तो आपली अब्रू झाकायला स्वतःच्या थरथरत्या हातावर आळ घेत होता. थोरल्यांचे डोळे भरून आले आणि या वेळी त्यांना त्याची लाज वाटली नाही.

"स्क्रू नाही," ते म्हणाले. "बल्ब. लाल दिव्याचा. तुला विझलेला दिवा दाखवला ना, तो विझलेला नव्हता. मी बल्बच काढला होता. तुला फसवलं मी."

ताईने थर्मास हत्यारांच्या पेटीवर ठेवला. पिशवीत हात घालून तिने बटणांची छोटी डबी काढली, झाकण उघडलं. कापसात गुंडाळलेला वाटाण्याएवढा बल्ब तिने तळहातावर घेतला.

"हाच ना?"

थोरले उठले. "हा तुझ्याकडे कसा?"

"धुण्यात सापडला. शर्टाच्या खिशात. तुम्ही मला विझलेला दिवा दाखवलात ना, त्याच्या आदल्या दिवशी."

"तेव्हापासून तुला माहीत आहे? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," ताई म्हणाली. "रोज पिशवीत घेऊन फिरते. म्हटलं, सांगितलंत की लगेच देता यावा."

 धाकटीने उगाचच कप मोजले. थोरले खाली स्टुलावर बसले, तोंडावरून हात फिरवला आणि मग धाकट्यांची वही ओढून घेतली. धाकट्यांनी लिहिलेल्या ओळीवर काट मारून त्यांनी खाली आपल्या किरट्या अक्षरात लिहिलं: 'दोष: दिव्याचा बल्ब मी काढला होता. वायरिंग पहिल्या दिवसापासून निर्दोष आहे.' सही केली. मग वही तशीच उघडी घेऊन बाहेर गेले. मास्तर आणि आणखी तिघं-चौघं बाकावर ऊन खात बसले होते. त्या दिवशी हसलेल्यांपैकी दोघं त्यात होते. थोरल्यांनी ती ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. एक जण पुन्हा फिस्सकन हसला. थोरले म्हणाले, "हसा. आज बरोबर माणसाला हसताय."

ते परत आले तेव्हा धाकट्यांनी बल्ब बसवून काच लावली होती आणि कापलेल्या तीन जागी नवा मेणदोरा बांधत होते. गाठ मारताना हात थरथरत होता, पण गाठ पहिल्यासारखीच बसत होती.

"बसा आत," ते गाठीवरची नजर न काढता म्हणाले. "चालू करून बघू."

थोरले चढले. शेजारची जागा रिकामी होती. विमानाच्या बाजूला ताई येऊन उभी राहिली, तिने पदर खोचला.

"हात द्या," ती म्हणाली.

"गुडघे?"

"आता नाही दुखत."

थोरल्यांनी हात दिला. ती वर आली, बसली, तिने पट्टा बांधला. धाकटे लाल नळा घेऊन बाहेर आपल्या जागी उभे राहिले आणि त्यांनी मान हलवली. थोरल्यांनी किल्ली अर्धी फिरवली. पॅनलवर वाटाण्याएवढा दिवा लागला, लालभडक. थोरल्यांचा हात किल्लीवर होता, पण ते ताईकडे बघत होते.

ताई दिव्याकडे बघत होती. "लागलाय," ती म्हणाली.

"आधी लागावाच लागतो."

"मग करा चालू," ताई म्हणाली. "मी बसलेय."